तारेवरची कसरत

या महिन्याचा विषय तुमच्या घराच्या भिंतीवरच आहे. गॅलरीच्या किंवा जिन्याच्या बाजूला बघा, खांबावरून आलेली एक काळी, बारीक वायर खिडकीच्या चौकटीतून आत शिरलेली दिसेल. रंगकाम करताना तिच्यावरही दोन हात मारलेले असतील. ती टेलिफोनची तार. कित्येक घरांत ती आता कशालाच जोडलेली नाही, कित्येक घरांत अजून आजी-आजोबांच्या फोनला जोडलेली आहे. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पहिलं 'खरं' इंटरनेट आलं ते हिच्यातूनच.

आता गावोगावी ही तार काढून फायबर घेण्याची वेळ आली आहे. "काढून टाका एकदाची ती जुनी वायर" असं घरातली तरुण मंडळी म्हणतात, तर "राहू दे, काही मागत नाही ती" असं ज्येष्ठ म्हणतात. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण निर्णय घेण्याआधी त्या तारेनं काय केलं आणि कसं केलं, हे समजून घेऊ. कारण माझ्या मते ही आपल्या काळातली इंजिनीअरिंगची सर्वांत सुंदर गोष्ट आहे, आणि ती शाळा-कॉलेजात फारशी कुणी सांगत नाही.

पीळ कशासाठी?

तार म्हटलं तरी आत असतात दोन तारा, साधारण अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या, तांब्याच्या, आणि एकमेकींना पीळ दिलेल्या. हा पीळ शोभेचा नाही. नुसत्या समांतर तारा टाकल्या तर शेजारची विजेची लाइन, शेजारचा फोन, सगळ्यांचा गोंगाट त्या अँटेनासारखा पकडतात. पीळ दिला की बाहेरचा त्रास दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. पलीकडच्या टोकाला यंत्र फक्त दोन तारांमधला फरक बघतं. दोन्हीकडे सारखा असलेला त्रास वजाबाकीत उडून जातो आणि आपलं बोलणं तेवढं उरतं. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं याचं पेटंट १८८१ साली घेतलं. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८२ मध्ये, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली.

ही कल्पना जुनी झाली असं समजू नका. तुमच्या राउटरची लॅन केबल कापून बघा. आत चार जोड्या दिसतील, प्रत्येकीला पीळ, आणि प्रत्येकीचा पीळ वेगळ्या घट्टपणाचा, म्हणजे शेजारच्या जोडीशी तिची संगत जुळू नये. रंगही निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. हा क्रम टेलिफोनवाल्यांचाच आहे.

घरातून निघालेली जोडी खांबावरच्या डीपी बॉक्समध्ये जाते, तिथून रस्त्याकडेच्या पिलरमध्ये, तिथून जमिनीखालच्या जाड केबलमध्ये आणि शेवटी एक्स्चेंजमधल्या मोठ्या लोखंडी मांडणीवर. एका जाड केबलमध्ये शेकडो जोड्या, आणि पाणी शिरू नये म्हणून आत जेली भरलेली. महत्त्वाचं म्हणजे तुमच्या घरापासून एक्स्चेंजपर्यंतची ती जोडी फक्त तुमची असते. तिच्यात वाटेकरी नाही.

एक्स्चेंजचा विषय निघाला म्हणून आपल्या बेळगावकरांसाठी एक गोष्ट. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या मागे जोर लावणारे सॅम पित्रोदा वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, त्यामुळे तिकडच्या वाचकांनीही कॉलर ताठ करायला हरकत नाही. या संस्थेनं खेड्यांसाठी १२८ लाइनींचं छोटं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बनवलं. परदेशी यंत्रांना वातानुकूलित खोली लागायची, हे आपल्या उन्हाळ्यात, धुळीत एसीशिवाय चालायचं. असं पहिलं एक्स्चेंज १९८६ साली बसवलं गेलं ते राणी चन्नम्मांच्या कित्तूरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. गावोगावी तांब्याच्या तारा पोचल्या त्यामागे अशा यंत्रांचा मोठा हात होता, आणि पुढे इंटरनेट आलं तेव्हा त्याच तारा तयार होत्या.

अडचण रस्त्याची नव्हती, दाराची होती

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हाचा मोडेम फोनच्या तारेतून अक्षरशः गाणं म्हणायचा. ती 'कीऽऽ खर्र' ज्यांनी ऐकली आहे त्यांच्या कानांत ती अजून असेल. लहान वाचकांनी आई-बाबांना नक्कल करायला सांगावी, हमखास करून दाखवतील.

तो आवाज का? कारण टेलिफोनची व्यवस्था माणसाच्या बोलण्यापुरती बांधलेली होती. ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जायचा, त्याच्या वरचं सगळं एक्स्चेंज गाळून टाकायचं. म्हणून संगणकालाही त्याच पट्ट्यात 'बोलावं' लागे. आता क्लॉड शॅनननं १९४८ साली एक सूत्र मांडलं होतं: कुठल्याही मार्गातून दर सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक जाईल, हे पट्ट्याची रुंदी आणि गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलची ताकद या दोन गोष्टींवर ठरतं. चांगल्या फोन लाइनचा हिशेब केला, म्हणजे ३१०० हर्ट्झची रुंदी आणि गोंगाटाच्या सुमारे तीन हजार पट सिग्नल, तर उत्तर येतं सुमारे ३६ किलोबिट प्रति सेकंद. मोडेमवाले घासत घासत ३३.६ पर्यंत पोचले आणि तिथेच अडले. पुढे ५६ किलोबिटचा मोडेम आला तोही एका सवलतीमुळे: एक्स्चेंजपासून पलीकडचा सगळा मार्ग तोवर डिजिटल झाला होता, त्यामुळे त्या बाजूचा बराचसा गोंगाट टळत होता.

इथे बहुतेकांनी मान्य केलं असतं की तांब्याच्या तारेचा दम संपला. पण नीट वाचा. ३४०० हर्ट्झची मर्यादा तारेची नव्हतीच, ती एक्स्चेंजच्या दारात बसवलेल्या गाळणीची होती. तार स्वतः लाखो हर्ट्झ वाहून नेऊ शकते. मग एक्स्चेंजमध्ये शिरण्याआधीच तारेला एक फाटा काढला, आवाज एका यंत्राकडे आणि वरचा पट्टा दुसऱ्या यंत्राकडे पाठवला, तर? डीएसएलची सगळी कल्पना एवढीच आहे. घरी फोनच्या खोक्यापाशी लावलेली ती छोटी स्प्लिटरची डबी हेच काम करायची: खालचे सूर फोनला, वरचे मोडेमला. म्हणून इंटरनेट चालू असताना आजी निवांत फोनवर बोलू शकायची. डायल-अपच्या काळात तेवढ्यावरून घरात भांडणं व्हायची.

दूर गेलं की आवाज मरतो

वाटतं तेवढं ते सोपं मात्र नव्हतं. तांब्याच्या तारेत सूर जितका वरचा तितका लवकर विरतो. बोलण्याचा १००० हर्ट्झचा सूर एका किलोमीटरमध्ये जेमतेम पाव हिस्सा ताकद गमावतो. १० लाख हर्ट्झचा, म्हणजे १ मेगाहर्ट्झचा सूर मात्र त्याच एका किलोमीटरमध्ये शंभरावर एक एवढाच उरतो. दोन किलोमीटरवर दहा हजारात एक. तीन किलोमीटरवर दहा लाखांत एक. एक्स्चेंजनं हाक मारली तर तुमच्या मोडेमच्या कानावर पडते ती ही एवढीशी कुजबुज.

आणि त्या कुजबुजीच्या शेजारी बसलेत इतर शेकडो ग्राहक, एकाच केबलमध्ये. पीळ दिला तरी थोडी गळती होतेच. याला क्रॉसटॉक म्हणतात. जुन्या फोनवर मधूनच दुसऱ्याच कुणाचं बोलणं ऐकू यायचं ना, तसाच प्रकार. एक्स्चेंजच्या टोकाला तर फारच वाईट परिस्थिती: तिथे शेकडो यंत्रं जोरजोरात पाठवत असतात, आणि त्याच कलकलाटात प्रत्येक ग्राहकाकडून आलेली क्षीण हाक ऐकायची असते. मंगल कार्यालयात सनईवाल्याशेजारी बसून फोनवर बोलून बघा, म्हणजे कळेल.

यातून वाट काढली अमेरिकेतल्या बेलकोर या प्रयोगशाळेतल्या जोसेफ लेक्लायडर यांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दोन्ही दिशांना सारखाच वेग देण्याचा हट्ट सोडा. घराकडून जाणाऱ्या माहितीला खालचा छोटा पट्टा द्या, घराकडे येणाऱ्या माहितीला वरचा मोठा पट्टा द्या. दोन्ही दिशा वेगवेगळ्या सुरांत गेल्या की एक्स्चेंजमधला गोंगाट ऐकण्याच्या आड येणार नाही, आणि घराकडे येणारा वेग कितीतरी वाढवता येईल. या असमान वाटणीमुळेच नावात 'ए' आला: असिमेट्रिक, म्हणजे एडीएसएल. लेक्लायडर २०१५ साली वारले. जगभर कोट्यवधी घरांत त्यांची कल्पना चालत होती, पण त्यांचं नाव किती जणांना ठाऊक असेल?

गंमत म्हणजे हे सगळं इंटरनेटसाठी नव्हतंच. टेलिफोन कंपन्यांना केबल टीव्हीशी टक्कर द्यायची होती, फोनच्या तारेतून घरोघरी हवा तो सिनेमा पाठवायचा होता. सिनेमा घराकडे येतो, घरून जातो ती फक्त 'हा लाव' एवढी विनंती. म्हणून असमान वाटणी त्यांना चालणार होती. तो सिनेमाचा धंदा तेव्हा काही उभा राहिला नाही. पण तोवर वेब आलं आणि तयार असलेल्या तंत्राला काम मिळालं.

पंगतीतला वाढपी

आता माझा सर्वांत आवडता भाग. वरच्या पट्ट्यात माहिती भरायची कशी? एक मार्ग होता एकच मोठा, रुंद सिग्नल पाठवण्याचा. पण प्रत्येक तार वेगळी. कुणाची लांब, कुणाच्या वाटेत जुना जोड, कुणाच्या तारेत गंज. कुठला सूर कुठे पडेल ते आधी सांगता येत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन सिऑफी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दुसरा मार्ग धरला. सगळा पट्टा २५६ अरुंद सुरांत कापायचा, प्रत्येक सूर ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंद. मग प्रत्येक सूर स्वतंत्र तपासायचा: इथे गोंगाट किती, सिग्नल किती पोचतोय? जिथे परिस्थिती उत्तम तिथे एका वेळी १५ बिट द्यायचे, जिथे बरी तिथे सात-आठ, जिथे वाईट तिथे दोन, आणि जिथे काहीच ऐकू येत नाही तो सूर रिकामा सोडायचा.

आपल्याकडे पंगतीत चांगला वाढपी हेच करतो. सगळ्यांच्या पानात सरसकट चार-चार जिलब्या टाकत सुटत नाही. पान बघतो, माणूस बघतो. पैलवानाला आग्रह करून वाढतो, आजोबांना अर्धीच देतो, ज्यानं पानावर हात आडवा धरला त्याला सोडून पुढे जातो. शेवटी जेवण भरपूर जातं आणि वाया काही जात नाही.

हिशेब बघा: दर सेकंदाला अशी ४००० वाढणी होतात. म्हणजे उत्तम अवस्थेतला एकच सूर ६० किलोबिट प्रति सेकंद नेतो. अख्ख्या डायल-अप मोडेमपेक्षा जास्त, आणि असे शेकडो सूर.

एडीएसएलचा मोडेम सुरू केल्यावर त्याचा लिंकचा दिवा बराच वेळ लुकलुकत राहायचा, आठवतं? आपण वैतागून "लागत का नाही अजून" म्हणायचो. त्या वेळात तो एकेक सूर तपासून एक्स्चेंजशी वाटाघाटी करत असायचा. तुमच्या, फक्त तुमच्या तारेचा तक्ता तयार होत असायचा. रेडिओचाही त्यात हिशेब होता. मीडियम वेव्हची केंद्रं याच पट्ट्यात येतात. आकाशवाणी धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर, म्हणजे १७७-१७८ क्रमांकाच्या सुरांच्या जागी. धारवाडच्या आसपास उघड्या ओव्हरहेड तारेवर मोडेम जोडला, तर तो त्या सुरांवर मुकाट्यानं थोडं कमी वाढून पुढे जाणार.

१९९३ मध्ये बेलकोरनं वेगवेगळ्या पद्धतींची चाचणी घेतली. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांसमोर सिऑफींच्या अमाती या छोट्या कंपनीचं यंत्र उभं होतं. तेच सरस ठरलं, आणि अमेरिकेचं मानक त्यावरच बेतलं गेलं. सिऑफींना २००६ साली मार्कोनी पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे

भारतात २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानं २५६ किलोबिट प्रति सेकंद या वेगाला 'ब्रॉडबँड' म्हटलं. आज हसू येईल, पण डायल-अपच्या तुलनेत ती चैन होती. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएल दोघांनीही एडीएसएलवर सेवा सुरू केली. पुढे ५१२ सुरांचं एडीएसएल-२-प्लस आलं, ज्याची कागदावरची कमाल २४ मेगाबिट. प्रत्यक्षात सगळा खेळ अंतराचा होता. एक्स्चेंजपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला वीसच्या आसपास मिळू शकत होते, पाच किलोमीटरवरच्याला एक-दोन मिळाले तरी नशीब. शेजारच्या दोन वसाहतींत, एकाच प्लॅनवर, वेगळा वेग का, याचं उत्तर बहुतेक वेळा असं साधं होतं.

आमच्या भागात दर पावसाळ्यात लाइन कडकड करायची आणि इंटरनेट तासातासाला तुटायचं. तक्रार केली की लाइनमन काका सायकलवरून यायचे. काठीला हँडसेट लावल्यासारखं त्यांचं ते टेस्टिंगचं यंत्र डीपी बॉक्सला अडकवून दोन सेकंद ऐकायचे आणि म्हणायचे, "जोडात पाणी शिरलंय बघ." बहुतेक वेळा तेच निघायचं. मी तेव्हा नुकताच बीई झालो होतो, मोडेमच्या सेटिंगच्या पानावरचे आकडे बघून हेच निदान करायला मला अर्धा तास लागायचा. त्यांच्या कानाला ओल्या जोडाची खरखर आणि सैल स्क्रूची खरखर वेगवेगळी ऐकू यायची. गणित कॅलिफोर्नियातलं असेल, पण ते आपल्या गल्लीत चालायचं ते अशा माणसांच्या जिवावर.

ज्यांच्याकडे अजून तांब्यावरची लाइन आहे त्यांनी ते पान उघडून बघावं. 'अटेन्युएशन' म्हणजे वाटेत किती ताकद हरवली, कमी असेल तितकं चांगलं. 'एसएनआर मार्जिन' म्हणजे गोंगाटापासून सुरक्षित अंतर. ते सहाच्या खाली घसरत असेल तर लाइन सारखी तुटणार. अशा वेळी नवा राउटर घेण्याआधी घरातले जोड, जादा एक्स्टेन्शन आणि स्प्लिटर तपासा. तेवढ्यात काम होण्याची शक्यता बरीच असते.

असमान वाटणीची किंमत

लेक्लायडर यांची वाटणी चुकीची नव्हती. तिच्याशिवाय तो वेग मिळालाच नसता. पण तिच्यात एक गृहीतक दडलेलं होतं: घर म्हणजे घेणारं, पाठवणारं नव्हे. पंधरा वर्षं ते खपून गेलं. १०० मेगाबाइटचा व्हिडिओ ८ मेगाबिटच्या लाइनवर १०० सेकंदांत उतरायचा. तोच व्हिडिओ अर्ध्या मेगाबिटच्या अपलोडवर पाठवायला जवळजवळ २७ मिनिटं लागायची. आपण पाठवत नव्हतो, म्हणून बोचत नव्हतं.

मग मार्च २०२० आला. एका घरात आई ऑफिसच्या मीटिंगमध्ये, मुलगा शाळेत, मुलगी कॉलेजात, सगळे एकाच तारेवर आणि सगळ्यांना स्वतःचा चेहरा-आवाज बाहेर पाठवायचा. तेव्हा बाईंचं बोलणं ऐकू यायचं, पण मुलाचं उत्तर बाईंपर्यंत पोचायचं नाही. "तुझा आवाज तुटतोय, कॅमेरा बंद कर" हे वाक्य त्या वर्षी किती घरांत घुमलं असेल! दोष मुलाचा नव्हता आणि मोबाइलचाही नव्हता. ज्या घरांत एडीएसएल होतं तिथे १९९० च्या आसपास घेतलेल्या एका निर्णयाची ती सावली होती. माझ्या क्षेत्रातल्या तरुणांना मी हे मुद्दाम सांगतो: आपण आज सोयीसाठी जे गृहीत धरतो, त्याचा हिशेब वीस-तीस वर्षांनी तिसऱ्याच कुणाला चुकवावा लागतो.

मग फायबर का जिंकलं?

तांब्यानं शेवटपर्यंत झुंज दिली. व्हीडीएसएल-२ नं पट्टा ३० मेगाहर्ट्झपर्यंत नेला. २०१० च्या मानकानं एका केबलमधल्या सगळ्या जोड्यांचा क्रॉसटॉक एकत्र मोजून आधीच उलटा सिग्नल मिसळायला सुरुवात केली, आवाज गाळणारे हेडफोन करतात तसं. २०१४ चं जी-फास्ट तर १०६ मेगाहर्ट्झपर्यंत गेलं आणि १०० मीटरच्या आत एक गिगाबिटच्या आसपास पोचलं. पण '१०० मीटरच्या आत' ही अट बघा. तेवढ्या जवळ यंत्र आणायचं तर फायबर आधीच गल्लीत आणावं लागतं, आणि गल्लीत आलेलं फायबर घरात न्यायला फारसं काही उरत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. फायबरमधला प्रकाश तांब्यातल्या सिग्नलपेक्षा फार जोरात पळत नाही. दोन्ही साधारण सेकंदाला दोन लाख किलोमीटरनंच जातात. फरक आहे तो विरण्याचा. तांब्यात १ मेगाहर्ट्झचा सूर किलोमीटरला २० डेसिबल गमावतो. काचेत प्रकाश किलोमीटरला गमावतो सुमारे ०.२ ते ०.३५ डेसिबल, आणि तोही कितीतरी पटींनी रुंद पट्टा घेऊन. या फरकापुढे कितीही हुशार वाढपी असला तरी चालत नाही. शिवाय काचेला गंज नाही, तिच्यावर वीज पडत नाही आणि चोराला ती विकून चार पैसे मिळत नाहीत.

म्हणून तरुण मंडळींना माझा कौल: फायबर घ्या. पण ज्येष्ठांचं एक म्हणणं ऐकून मग घ्या.

तार जे देत होती ते

जुन्या फोनला घरातली वीज लागत नव्हती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट त्याच जोडीतून घरापर्यंत यायचे. आपल्याकडे जुलैच्या रात्री झाड पडून वीज गेली, मोबाइलची बॅटरी संपली, तरी तो काळा फोन बोलायचा. किती घरांत मध्यरात्री डॉक्टरांना हाक गेली ती त्याच्यावरून. काच वीज वाहत नाही. फायबरचं खोकं घरातल्या प्लगवर चालतं, आणि वीज गेली की त्याच्यामागचा फोनही मुका होतो.

ही भीती पोकळ नाही. ब्रिटनमध्ये तांब्यावरचं जुनं टेलिफोन जाळं डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करायचं ठरलं होतं, ते जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकललं गेलं. मुख्य कारण काय, तर एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातली मदतीची बटणं. ती याच तारांवरून हाक मारतात आणि ती सुरक्षित हलवल्याशिवाय तार तोडायची नाही, असं ठरलं. आपल्याकडे अशी बटणं फारशी नाहीत. पण एकटे राहणारे आई-वडील, काका-काकू मात्र आहेत. मुलं पुण्याला, बंगळूरुला, परदेशात. त्यांच्यासाठी तो एक नंबर म्हणजे तोंडपाठ असलेली शेवटची गोष्ट असते.

तेव्हा तार काढायच्या दिवशी एवढं करा. फायबरच्या खोक्याला फोनची खाच आहे का ते विचारा. बऱ्याच खोक्यांना असते, आणि जुना नंबर त्यावर नेता येतो का तेही आधीच विचारून घ्या. त्या खाचेत जुनाच वायरचा फोन लावा. कॉर्डलेस नको, त्याच्या बैठकीला वेगळी वीज लागते. खोक्याच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट बघून, बहुतेक वेळा १२ असतात, राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस जोडा. त्यावर खोकं काही तास चालतं. मग एकदा मेन स्विच बंद करून स्वतः फोन लावून बघा, आई-वडिलांनाही लावायला सांगा. आणि फोनजवळ मोठ्या अक्षरांत ११२ आणि शेजाऱ्यांचा नंबर लिहून ठेवा. मुलगा म्हणून, सून म्हणून, नातू म्हणून एवढं दहा मिनिटांचं काम आपल्याकडे लागतं.

बाकी तार गेली तरी तिचं गणित जात नाही. एक पट्टा शेकडो अरुंद सुरांत कापायचा आणि माहिती त्यांच्यावर वाटून द्यायची, ही पद्धत आज तुमच्या वाय-फायमध्ये आहे, ४-जी आणि ५-जी मध्ये आहे. हा लेख तुम्ही मोबाइलवर वाचत असाल तर आत्ता या क्षणी तोच वाढपी तुमच्या पंगतीत फिरतोय. फक्त पानं आता तांब्याची राहिली नाहीत, हवेतली झाली.

पुढच्या महिन्यात वाय-फायबद्दलच बोलू: राउटर कपाटावर ठेवावा की कपाटात, हा वाद आमच्याकडेही चालू आहे. तोवर तुमच्या घरच्या तारेच्या, डायल-अपच्या आठवणी मंडळाकडे जरूर पाठवा.